पाय काढल्यावर

मंगळवारी उद्यमबागेत वीज नव्हती,
म्हणून बुधवारी नेली.
पांढरी फियाट, चौसष्टची.
पुढची दोन्ही चाकं काढून
भरमू कणबरकरनं ड्रम उपटले,
शूजवरून अंगठा फिरवला, काळा झाला.
"यावर चोर्ला उतरत होते तुमचे वडील?
धाडस म्हणायचं, का काय म्हणायचं?"

मी म्हटलं, सवय.

आण्णा ब्रेक दाबत नसत, ब्रेकला कळवत.
वळण दिसायच्या आधी, म्हैस उठायच्या आधी,
दुसरा गिअर, मग पाय, मग एक उसासा.
ओढ्यातून गेल्यावर गाडी डावीकडं ओढायची,
तर ते स्टिअरिंग उजवीकडं धरून
सरळ जांबोटीपर्यंत जायचे,
जसा काही रस्ताच वाकडा आहे.

किट आलं कोइमतूरहून, पोत्यात शिवून.
दोन डिस्क, दोन कॅलिपर, कुठं लागतील कळेना इतके बोल्ट,
आणि एक कागद. त्यावरचं चित्र
कुठल्याच फियाटचं नव्हतं.
ब्रॅकेटची भोकं दोन सूत चुकलेली.
भरमूनं शिवी दिली नाही, चहा सांगितला.
मग पलीकडच्या शेडमधून अडिवेप्पा आला,
कानामागं खडू, चष्म्याची एक काच तडकलेली.
लेथवर हब चढवला
आणि केस विंचरावा तसं
लोखंड हळूहळू उतरवत गेला.
निळे कुरळे तुकडे माझ्या चपलेवर पडत राहिले.
चटके बसत होते. मी हलले नाही.

दिवेलागणीला हवा काढायची वेळ.
मी आत, पेडलवर. तो खाली, निपलला पाना लावून.
अडिवेप्पा माझ्याशी मराठीच बोलतो,
पण गाडीखाली गेला की कन्नड.
ओत्तु.
हिडी.
बिडु.
बाटलीत बुडबुडे, पुन्हा
ओत्तु. हिडी. बिडु.
पंधराव्या खेपेला शब्द थेट पायाला जाऊ लागले,
दाब, धर, सोड,
मधे मला कुणी विचारलंच नाही.

आणि शेवटी चाक फिरेना.
पाय काढून मी बाहेर येऊन उभी,
तरी कॅलिपरनं डिस्क धरूनच ठेवलेली.
भरमू बराच वेळ गप्प. मग मास्टर सिलिंडर खोलला,
आतून नखाएवढा रबरी व्हॉल्व्ह काढला,
मागं बारीक स्प्रिंग.
"ड्रमसाठी असतो हा. पाय काढला तरी
नळीत थोडा दाब राखून ठेवतो.
जुन्यांना तो लागतो की.
नवीन ब्रेक जळून जातील यानं."
माझ्या तळहातावर ठेवला. तेलकट, कोमट.
"मागच्या चाकांना अजून ड्रमच आहेत,
त्यांची वेगळी सोय करू."

आण्णा जाऊन सहा वर्षं झाली.
मी अजून चपला भिंतीला टाचा लावून काढते,
त्यांना तशा लागायच्या.

शुक्रवारी पिरनवाडीकडं फेरी मारली.
भरमू शेजारी, दार हातानं धरून,
कारण त्या दाराचा खटका वेगळं प्रकरण आहे.
पुढं एक सायकलवाला, मागं दुधाच्या किटल्या,
अजून लांब होता,
चांगला लिंबाच्या झाडापलीकडं.
मी कळवलं.

गाडीनं नाक खाली घातलं आणि थांबली.
तिथंच. लगेच.
भरमूचं कपाळ काचेपासून चार बोटांवर.
समोर मोकळा रस्ता, तीसेक पावलं,
त्यावर एक चिमणी उतरली, काही सापडलं नाही, गेली.
सायकलवाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"इतक्या लांब कुणासाठी थांबलो?" भरमू म्हणाला.
मागून टेंपोनं हॉर्न दिला, दोनदा.
"मोडेल सवय. पाचशे किलोमीटर चालवा."

मी पहिला टाकला.
डिकीत, पोत्यात,
जुने ड्रम एकमेकांवर आपटले.