पहिलं पान

रायगोंडा चौगुले, बेदाण्याची अडत, तासगाव,
म्हणाले, सगळं पहिल्याच पानावर घाल:
आजोबांचा फेट्यातला फोटो,
लेकाच्या लग्नात पुढाऱ्याशी हात मिळवतानाचा,
वर एक पळती पाटी, खाली एक पळती पाटी,
निम्मी अक्षरं लाल, निम्मी पिवळी,
आणि उघडलं की सनई वाजू दे.
"जागा फुकट आहे म्हणतीस,
मग मोकळी कशाला सोडायची?"

मी नुकतीच सांगलीहून कोर्स करून आलेली.
वहीत होतं: रिकामी जागा रिकामी नसते.
वाचून दाखवलं.
"प्लॉट विकायला काढलास होय?" म्हणाले.

तीन दिवस सनई वाजली.

चौथ्या दिवशी सौद्याला घेऊन गेले.
थप्पीला शेकड्यानं बॉक्स.
काकांनी एकच फोडला,
पांढऱ्या कागदावर एक मूठ ठेवली,
बोटानं दाणे जरा लांब लांब केले
आणि मागं सरले.
बोलले काहीच नाहीत.
घेणारा वाकला, एक दाणा दाताखाली धरला,
"कसा लावला?" एवढंच.

मी म्हटलं, काका, हेच.
"काय हेच?"
हा कागद. ही मूठ. हे तुमचं मागं सरणं.

दुकानात येईपर्यंत गप्प होते.
मग म्हणाले, सनई काढ.
सनईमागनं पुढारी गेला, पळत्या पाट्या गेल्या.
आजोबांपाशी जरा अडलो;
त्यांना आतल्या पानावर खुर्ची दिली.

उरलं ते फार देखणं होतं.
पांढऱ्यावर मूठभर हिरवा बेदाणा,
तळाला नाजूक राखाडी अक्षरात फोन नंबर.
मी माझ्यावरच खूश.

तेवढ्यात सावळजचे बिरू तात्या आले.
तडा गेलेला मोबाईल, नेटवर्कची एकच काडी.
दारातल्या उन्हात उभे राहून उघडू लागले.
चाक फिरत राहिलं.
तात्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला,
चाक फिरतंयच.
शेवटी फोटो उतरला.
"माल झ्याक हाय. पर नंबर कुठाय?"
मी बोट ठेवलं.
"ह्यो व्हय? मला वाटलं काचंवर धूळ हाय."
आणि अंगठ्यानं पुसून बघितला.

त्या रात्री फोटो हलका केला,
नंबर काळा, ठळक, अंगठ्याएवढा,
सगळ्यात वर.
वहीतल्या त्या ओळीखाली
एकच शब्द लिहिला: ऊन.

सकाळी काकांनी चष्मा चढवून पान पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.
"इथं एक बारकीशी सनई..."