धुरकट गिमलेट

निखारे वाया घालवायचे नाहीत, एवढंच आधी ठरलं होतं.
भरिताची वांगी भाजून झाली होती,
बामणोदची, हिरवी, हातभर,
परसात पऱ्हाट्यांचा ढीग लाल होऊन बसला होता.
जानेवारीची शेवटची संध्याकाळ.
उद्यापासून भुसावळहून तुम्हाला कोणी बोलावणार नव्हतं.

चार कागदी लिंबं राखेत सरकवली.
"काय करू राह्यली वं? लिंबाचं भरीत?"
इंदूआत्यांनी भिंतीवरून विचारलं.
हो म्हटलं.
फारसं खोटं नव्हतं.

साल काळी पडेना, म्हणून फुंकणी घेतली.
गाल फुगवून फुंकताना
तुमची ती नळी आठवली.

ड्यूटीवर चढताना एक फुंक, उतरताना एक.
खंडवा, बडनेरा, इगतपुरी,
रात्री दोनला, पहाटे चारला,
आणि यंत्र दर वेळी म्हणायचं: शून्य.
भाच्याच्या हळदीला सगळे गच्चीवर गेले,
तुम्ही खाली, पोरांच्या पंगतीत, मठ्ठा पीत.
खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घ्यायचात.

जिन हर्षदाने दिली होती, नाशकाहून येताना,
दिवाळीपासून लोणच्याच्या बरणीमागे उभी.
बूच काढून हुंगलं.
तीस वर्षं अल्कोहोलची सूत्रं फळ्यावर लिहिली,
हुंगलं आज.

पहिला बिघडला.
जळक्या सालीचे कण उतरले, कडूजहर.
मोरीत ओतला,
आणि वहीत टीप लिहिली:
गाळणीने नव्हे, मलमलीने.

दुसऱ्याला जिन साठ मिली,
भाजल्या लिंबाचा रस वीस, साखरेचा पाक पंधरा,
लॅबमधल्या टवका उडालेल्या सिलिंडरने मोजून,
डोळा रेघेच्या पातळीला आणून.
वर मिठाची कणी. ती कुठल्याच कृतीत नव्हती,
हाताला राहवलं नाही.

हलवायला बंद भांडं हवं.
होता तो तुमचा थर्मास,
लाइन बॉक्समधला, दोन पोचे पडलेला.
सोड्याने दोनदा घासला,
तरी आल्याच्या चहाचा वास जाईना.
मग राहू दिला.
आत बर्फ अशी खडखडायला लागली
की आतल्या खोलीतून तुम्ही विचारलंत,
"कोणती गाडी?"

काचेच्या पेल्यात ओतला.
फिकट, जरासा गढूळ,
थंडीतल्या सकाळी पुलावरून तापी दिसते तसा.
कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात,
आणि ताटाच्या डाव्या अंगाला, मिठाशेजारी, हा.

तुम्ही पेला उजेडात धरलात,
सिग्नल धरावा तसा, नजर न हलवता.
एक घोट.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.
"चहाचा वास येतोय," म्हणालात.
"धुराचाही."
मी भाकरी मोडत राहिले.

आणि मग तुम्ही ओठ गोल केलेत
आणि समोरच्या मोकळ्या हवेत,
सवयीने, लांब, सरळ,
एक फुंकर घातलीत.
थांबलात,
आकडा उमटायची वाट बघत असल्यासारखे.

लांब, यार्डाच्या बाजूला, मालगाडी चालली होती.
एरवी तुम्ही डबे मोजता.
आज तिला नुसती जाऊ दिलीत.

"किती आला?" मी विचारलं.

तुम्ही पेला माझ्याकडे सरकवलात.
"तुला येतं ना मोजता,
तूच बघ."

मी डोळा पातळीला आणला.
पेल्याला रेघ नव्हती.
मी प्यायले.