बुचांची दोरी

पहिली दोरी लेसिनातीनं आणली कातेतेहून,
सायकलच्या कॅरिअरवर वेटोळं करून.
सत्तर सेंटिमीटरवर एक बूच,
बियरच्या बाटलीचं, दगडानं ठेचून चपटं केलेलं,
पुढच्या सत्तरावर दुसरं.
मी म्हटलं, ही माळ कुणाच्या गळ्यात घालायची?
ती म्हणाली, जमिनीच्या.
मग स्वतःच हसली, असलं काही बोलून गेल्याबद्दल.

जुलैतली जमीन तव्यासारखी. ढगाचं नाव नोव्हेंबरपर्यंत नाही.
काम एवढंच: दोरी ताणायची,
बूच येईल तिथं कुदळ मारायची,
वीतभर खळगा, त्यात दोन मुठी शेणखत.
बाकी रान आहे तसं राहू द्यायचं.
वरंबे मोडायचे नाहीत, नांगर काढायचा नाही,
मक्याची धांडं पडली तिथं पडू द्यायची.

माझा दीर बांधावर उभा राहिला,
धसकटांकडे बराच वेळ बघत.
"या घरात कुणी गेलं का?" म्हणाला,
"की सगळे झोपलेत?"
आमच्याकडे बाईची किंमत वरंब्यावरून करतात,
सरळ असला तर घर सरळ.
त्या वर्षी मी विहिरीवर उशिरा जायचे,
सगळ्या परतल्यावर.

तिसाउकेनं दोरी नेली दोन दिवसांसाठी,
आणली तीन आठवड्यांनी, एक बूच कमी.
मधल्या काळात तिच्यावरून त्यानं स्वतःची केली होती,
त्याच्यावरून त्याच्या मेहुण्यानं,
आणि मेहुण्याची बहीण राहते सीमेपलीकडे, म्चिंजीत.
तिकडे बोलणं हेच, कुळं हीच,
फक्त नोटांवरची चित्रं वेगळी.
पोलिसानं पिशवी उघडून विचारलं, हे काय?
ती म्हणाली, शेत.
त्यानं जाऊ दिलं.

दारूच्या गुत्त्यावर आता बुचं मोजून मिळतात.
गुत्तेवाला म्हणतो, पिणारे तेवढेच,
पण शेती करणारे वाढले.

ऑगस्टमध्ये तिसाउकेचं रान जळलं.
धांडं, पानं, दोन वर्षांची कुजत आलेली साय,
सगळी एका दुपारी.
उंदरांसाठी लावलेली आग.
पोरं बिळांच्या तोंडाशी काठ्या घेऊन उभी राहतात,
मग काडीला ओळीनं लावून भाजतात,
हमरस्त्यावर मोटारी थांबवून विकतात.
लावणारा माझा योनामु.

बैठक बसली. सतरा गावांची माणसं,
काही रात्रीच निघालेली.
सगळे माझ्याकडे बघत नव्हते,
हे मला दिसत होतं.
योनामुला मध्ये उभं केलं.
तो म्हणाला, "तुमच्या धांडांखाली उंदीर दुप्पट झालेत.
नांगरलेल्या रानात काहीच नसतं.
मग मी कुठं जायचं?"
कुणी बोललं नाही.
तिसाउकेनं टोपी काढली, परत घातली.
म्हाताऱ्या झेलिफानं विचारलं,
"खणून नाही का धरता येत? आमचे बाप खणायचे."
"येतात. पण तीन तास लागतात."
"मग लागू देत," ती म्हणाली,
आणि तेवढ्यावर तो विषय राहिला,
मिटला असं मी म्हणणार नाही.

मग कुणीतरी म्हणालं, दोऱ्या काढा सगळ्यांनी.
अंगणात शेजारीशेजारी पसरल्या एकोणीस दोऱ्या:
नायलॉनच्या, केतकीच्या वाखाच्या,
एक बैलाच्या कासऱ्याची, एक फाटक्या मच्छरदाणीची.
एकीचं बूच दुसरीशी जुळेना.
नायलॉन ताणलेला, वाख आटलेला,
तिसाउकेचं सत्तर चौऱ्याहत्तर झालेलं,
म्चिंजीचं सासष्ट.
नकलेची नक्कल, तिची नक्कल.
मूळ दोरी कुठली, ते लेसिनातीलाही सांगता येईना.
आधी हसू आलं, मग वाद झाला,
मग एका सुताराकडून काठ्या तोडून आणल्या,
गावागणिक एक, खाचा मारून.
दोरी खोटं बोलेल, काठी नाही.

संध्याकाळी मी माझी दोरी मापली.
दर बुचाला तीन बोटं कमी.
पहिलं बूच सोडवताना नख तुटलं.
योनामु दुसरं टोक धरून बसला,
न सांगता,
एका हातानं.
दुसऱ्या हातात भाजलेला उंदीर होता,
अर्धा खाल्लेला.