अर्धा मिलिमीटर

नगररचना विभागात मी अनुरेखक.
म्हणजे रेघ माझी नसते,
गिरवणं माझं.
पाटबंधारेवाल्यांकडून निळी पूररेषा आली
गुंडाळीत, कोपऱ्यावर चहाचा गोल डाग घेऊन.
तो डाग सोडून बाकी सगळं
मी काचेच्या टेबलावर उतरवलं,
खालून ट्यूबलाइट, चारी कोपऱ्यांवर पितळी वजनं,
शाई सुकेपर्यंत पंखा बंद.
गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी :
एका मार्चमध्ये चार नद्या संपवल्या.

विहितगावचे भागुजी तिदमे सोमवारी आले.
नकाशाच्या चार प्रती, घरपट्टीची पावती,
दुधाच्या पिशवीत सातबारा.
पोराचं लग्न ठरलंय, वर एक खोली हवी,
दहा बाय बारा, जास्त नाही.
खैरनार म्हणाले, काका, तुमचं घर निळ्या रेषेत येतंय.
"रेषेत? की रेषेच्या आत?"
खैरनारांनी माझ्याकडे बघितलं.

तिदमे नोटप्रेसमधून रिटायर.
एकतीस वर्षं नोटा तपासल्या,
कुठे रेघ सरकली, कुठे शाई फुटली.
खिशातून त्यांनी भिंग काढलं
आणि वाकले माझ्या वालदेवीवर.
इतक्या वर्षांत माझं काम
एवढ्या जवळून कुणी बघितलं नव्हतं.
"हात चांगला आहे," म्हणाले. "एकसारखा.
पण ताई, रेघ जाड आहे."

अर्धा मिलिमीटर, मी म्हटलं, हेच पेन मिळतं स्टोअरमधून.
"प्रमाण?"
एकास पाच हजार.
अर्जाच्या पाठीवर त्यांनी गुणाकार मांडला.
"अडीच मीटर.
आमचं स्वयंपाकघर अडीच मीटर.
भिंतीला भिंत लावून बसलीय तुमची रेघ.
आता सांगा,
पूर हिच्या ह्या कडेला संपतो की त्या?"

नियमावलीत
आत काय चालतं, बाहेर काय चालतं, सगळं होतं.
जाडीबद्दल अक्षर नव्हतं.
साहेब म्हणाले, मूळ नकाशा बघा.
मूळ नकाशावरची रेघ माझ्याहून जाड.

बुधवारी जागेवर गेलो.
टेपचं एक टोक खैरनारांकडे, एक माझ्याकडे,
आणि मोजायचं कुठून
ते दोघांनाही माहीत नाही.
तिदमेबाईंनी चहा ओतला ओट्यावर,
म्हणजे माझ्या शाईवर.
कप उचलताना मी खाली बघितलं,
डाग तर पडला नाही ना.
"आठ साली तिसऱ्या पायरीपर्यंत आलं पाणी," त्या म्हणाल्या,
"नंतर एकदा पहिलीवरूनच परत गेलं.
वरची खोली असती
तर वर जाऊन बसलो असतो."
खैरनारांनी हे लिहून घेतलं नाही.
रकानाच नव्हता.

माझ्या ड्रॉवरमध्ये बारीक पेन आहे, एक दशांशचं,
स्वतःच्या पैशाने घेतलेलं.
त्याने गिरवलं तर रेघ अर्ध्या मीटरची होते,
घर सुटतं.
पण मग ठेवायची कुठे, हे मला ठरवावं लागतं.
नदीच्या कडेला ठेवली तर खोली, सून, शिलाई मशीन.
घराच्या कडेला ठेवली तर काही नाही.
आणि एखाद्या ऑगस्टात रात्री दोन वाजता
धरणाचे दरवाजे उघडले,
तर तेव्हा कुणी विचारणार नाही पेन कुठलं होतं.
ड्रॉवर मी उघडला.
खोडरबर घेतलं, बंद केला.

खैरनारांनी शेरा मारला :
सदर घर रेषेत आहे. मार्गदर्शन व्हावे.
फाइल वर गेली.
लग्न झालं दिवाळीनंतर, रस्त्यावर मांडव घालून;
त्याची परवानगी वेगळ्या खिडकीत मिळते,
एका दिवसात.

तिदमे अजून येतात, एक सोमवार सोडून एक.
फाइलचं विचारत नाहीत.
माझ्या टेबलाशी उभे राहतात,
चालू असेल त्या कागदावर भिंग धरतात.
काल म्हणाले,
ताई, इथे हात हलला तुमचा.
हलला होता.