ओ

नमुना एकेचाळीस. नाव मला कळता कामा नये,
पण सकाळी कॉरिडॉरमध्ये ती बूट काढत बसली होती
आणि बसचालकाच्या कोटावर बिल्ला होता: मारिका.
तार्तूत सात नंबरची बस कोण चालवतं
हे न कळण्याइतकं आमचं गाव मोठं नाही.

बाहेर उणे एकोणीस. नदी गोठलेली.
पाण्याच्या कुंडात सदतीस, नेमके. मी दोनदा बघते.
बेंबीच्या बाजूला भूल, सुई, एक चिमटा,
आणि दोन वाटाण्यांएवढी चरबी माझ्या हातात.
ती उपाशीपोटी आली होती. मी नाही.

पेशी सुट्या होतात आणि वर तरंगतात, सायीसारख्या.
(चरबी बुडत नाही. हे मला दर वेळी आवडतं.)
मग एकेका नळीत इन्सुलिन:
आधी इतकं थोडं की कुजबुजही म्हणू नये,
मग दसपट, मग त्याच्या दसपट.
साखरेवर खूण केलेली असते,
किती आत गेली ते मोजायचं.

डॉक्टर कास्क विद्यार्थ्यांना सांगतात: किल्ली आणि कुलूप.
मी काही बोलत नाही, नळ्या धुते.
पण बावीस वर्षं धुतल्यावर एवढं सांगू शकते
की कुलूप शाबूत आहे. किल्ली बसते, फिरतेही.
आत कुणीतरी पलंगावरून उठत नाही.

हाक पोचते दारातून आत,
मग कुठेतरी, दोघांच्या मध्ये,
निरोप द्यायचा राहून जातो.
साखर वाहून नेणारे आतल्या खोलीत बसलेले,
काही तर कामावर आलेलेच नाहीत.
बाहेर रक्त गोड होत उभं.

मग स्वादुपिंड आवाज चढवतं.
बोलणं चरबीला, लागतं बीजकोशाला.
लेकी बोले सुने लागे, तसंच.
ही शेजारीण बहिरी नाही, कान तिखट तिचे,
तिला वाटतं सगळं आपल्यालाच,
आणि ती घाईघाईनं नको तितकं काम काढते,
एकही बीज धड पिकू न देता.
मारिकाच्या हनुवटीवरचे तीन केस
हे त्या ओरडण्याचं उत्तर,
चुकीच्या घरातून आलेलं.

पाळीच्या तारखा तिनं पेन्सिलीनं लिहिल्यात.
एकोणसत्तर दिवस. एकशे चार. मग प्रश्नचिन्ह.
शेऱ्याच्या रकान्यात: "सगळे म्हणतात वजन कमी करा.
अजून काय?"

संध्याकाळी आलेख निघतो. तिची रेघ सपाट नाही.
उशिरा उठते, पण उठते. शेवटच्या नळीत
जवळजवळ इतर बायकांइतकी. जवळजवळ.
म्हणजे ओ आहे. हाका किती मारायच्या, एवढंच.
हे तिला सांगायचा मला अधिकार नाही.
वर्षभरानं पत्र जाईल,
त्यात सरासरी असेल, ती नसेल.

घरी जाताना सात नंबर. आरशात ती,
लाल दिव्याला हनुवटी चाचपणारी.
माझ्या थांब्याआधी मी बटण दाबलं,
एकदाच, हलकं.
तिनं बस थांबवली. दार उघडलं.
"बर्फ आहे, जपून," आरशातच बघत म्हणाली.
मी हो म्हणाले. फार हळू.
दार बंद व्हायला वेळ लागला.
थंडीत ते अडकतं.