घदामिस, जुलै

दुपारी दीडला वीज गेली.
सरकारी वसाहतीतलं सिमेंटचं घर
आम्हाला तव्यासारखं भाजत बसलं.
मन्नूबिया काही बोलली नाही. गादी गुंडाळली,
कुलूप लावलं, निघाली जुन्या गावाकडे.

मी इंजिनिअर. टेप काढून भिंत मोजली:
साठ सेंटिमीटर, कच्ची वीट, वर खजुराची खोडं.
तिनं नुसता तळवा टेकवला भिंतीला,
तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवावा तसा.
"उतरलाय," म्हणाली.

छताला एकच भोक. त्यातलं ऊन
पितळी थाळीवरून आरशात,
आरशातून तिच्या सुईच्या नेढ्यात.

संध्याकाळी गच्चीवरून गच्चीवर
शेजारणी आल्या,
कुणी मिरच्या घेऊन, कुणी जुनं भांडण.

माझ्या नकाशात या गच्च्यांवर
मी लिहिलं होतं: रिकामी जागा.