डब्ल्यू दाबण्याआधी

माऊस ठेव बाजूला, प्रणोती.
त्याची वायर गेल्या पोळ्याला खऱ्या उंदरानं खाल्ली,
तेव्हापासून टेपवर चालतो, मनात येईल तेव्हा.
वडशात दिवाळी ते होळी
एका रात्रीत बारा हँडबिलं निघतात या टेबलावरून.
उंदराच्या चालीनं गेलीस
तर नाटक संपून मंडप सुटेल
आणि तू अजून नायिकेचा फोटो सरकवत बसलेली.

डावा हात असा ठेव.
करंगळी कंट्रोलवर,
रोवणीत पेंडी धरतात तशी,
घट्ट नाही, सैल नाही.
बाकीची बोटं आपोआप शिकतात.
झेड, सी, व्ही यांची अक्षरं केव्हाच पुसली गेली,
एसला तर खळगा पडलाय.
इथली लाईट सांगून जात नाही,
म्हणून दर ओळीनंतर कंट्रोल एस,
घासागणिक पाणी पिणाऱ्या माणसासारखं.

ढग पुढं आले, नायक मागं गेला?
कंट्रोल, शिफ्ट, चौकोनी कंस, उजवा.
येतो तो सगळ्यांच्या पुढं.
पण नायिकेच्या पुढं नको, ती नागपूरची आहे,
तिचा चेहरा झाकला तर कंपनीवाला पैसे कापतो.
एकच पायरी मागं न्यायचा तर
शिफ्ट सोड, डावा कंस.
नाव मोठं करायला कंट्रोल, शिफ्ट
आणि हे बगळ्याच्या चोचीसारखं चिन्ह.
दर दाबण्याला दोन पॉइंट.
ऑर्गनवाल्याचं मात्र न विचारता वाढवू नकोस,
दुसऱ्या दिवशी तबलेवाला दारात उभा असतो.

अक्षरं खेटली तर आल्ट आणि उजवा बाण, जरा जरा,
सतरंजीवर बायका सरकतात तसं.
होते जागा.
जे पक्कं झालं त्याला कंट्रोल एल, म्हणजे कुलूप.
देणगीदारांची नावं मी आधी कुलपात घालते.

आता डब्ल्यू.
एकटाच दाबायचा.
निळ्या-गुलाबी रेषा, चौकटी, सगळी जाळी
नाहीशी होते, आणि पान
लोकांच्या हातात जाईल तसं दिसतं.
मला अजून बरं वाटतं ते बघून.
पण आधी एस्केप. एस्केप, मग डब्ल्यू.
कर्सर एखाद्या नावात अडकला असेल
तर आपल्या फॉन्टात डब्ल्यू म्हणजे दीर्घ उकार.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
रात्रीचे अडीच. 'वहिनीचा सातबारा',
मंडईचा प्रयोग, पाच हजार प्रती.
डब्ल्यू दाबला, रेषा गेल्या नाहीत.
बाहेर क्लिक केलं, परत दाबला, गेल्या.
फाईल प्रेसला.
सकाळी पानठेल्यांवर, एसटीच्या काचांवर,
गावोगाव:
खलनायक – दयालू सहारे.

दयाल सहारे.
वीस वर्षं याच माणसानं स्टेजवर
सुना छळल्या, बांध कोरले,
म्हाताऱ्यांचे अंगठे उठवून घेतले.
तिसऱ्या दिवशी आला. याच स्टुलावर बसला.
मी कंट्रोल झेडवर बोटं ठेवून, वेड्यासारखी,
जणू पाच हजार कागद
वैनगंगेवरून उलटे उडत येणार होते.

तो म्हणाला,
"बाई, काल एन्ट्रीलेच लोकं हासले.
मंग मी बी हासलो.
अन् तसाच हासत हासत
पोरीले घराभायेर काढलो.
मंडपात एक मानूस बोलला नाही जी.
राहू दे तो उकार."

तेव्हापासून मी तो मुद्दाम टाकते.
हे बघ, 'ल'च्या पुढं कर्सर, डब्ल्यू, एकदाच.
मग एस्केप.
मग कंट्रोल एस, लवकर,
पंखा हळू झालाय.